थंडीतला फुसका बार

जबलपूरला डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा सहा-सात अंशांवर येतो. नर्मदाकाठच्या या शहरात धुकं उतरतं, गवतावर दव साचतं आणि जुन्या पॉइंट टू-टू रायफली रुसायला लागतात. खटका ओढला की आतून कोरडा 'टक्' असा आवाज येतो, बस. बार होत नाही. बोल्ट मागे घेतला की काडतूस अखंडच्या अखंड बाहेर पडतं, बुडाच्या काठावर एक पुसटसा ठसा घेऊन. उन्हं वर आली, अकरा वाजले, की तीच रायफल त्याच डबीतली काडतुसं एकामागून एक वाजवते. मालक निदान करून मोकळा होतो : थंडी बाधली.

निदान सोयीचं आहे, पण ते टिकत नाही. युरोपात बायथलॉन नावाचा खेळ आहे. पायांत स्की बांधून बर्फातून धापा टाकत यायचं, पाठीवरची रायफल उतरवायची आणि पन्नास मीटरवरच्या पाच काळ्या टिकल्या पाडायच्या. झोपून मारताना ती टिकली ४५ मिलिमीटरची असते, उभ्यानं मारताना ११५ ची. १९७८ पासून या खेळात हीच पॉइंट टू-टू वापरतात. पारा उणे वीसच्या खाली गेला तरच शर्यत सुरू करत नाहीत. उणे दहाला, उणे पंधराला ती नेहमीसारखी होते. या मंडळींच्या लेखी सात अंश म्हणजे स्वेटर काढायचं हवामान. तिथे वाजणारं काडतूस जबलपुरात का वाजू नये?

कारण गुन्हा थंडीचा नसतो. तो आधीच घडलेला असतो, उन्हाळ्यात, पावसाळ्यात, कधी वीस वर्षांपूर्वी. कुणीतरी चुकीचं तेल घातलेलं असतं, स्प्रिंग बसलेली असते, चेंबरच्या काठाला खळगा पडलेला असतो. रायफल काठावर पास होत असते. थंडी फक्त दोन गुण कापते आणि ती नापास होते.

जबलपूरला हा विषय परका नाही. या शहराचं पोटच शस्त्रांवर चालतं. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची, खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी दुसऱ्या महायुद्धातली, व्हेईकल फॅक्टरी १९६९ ची; शिवाय सेंट्रल ऑर्डनन्स डेपो आणि लष्कराचं मोठं वर्कशॉप. १५५ मिलिमीटरची 'धनुष' तोफ याच गन कॅरेज फॅक्टरीत तयार होते. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा खमरियाचा दारूगोळा कारखाना ज्या म्युनिशन्स इंडियाकडे गेला तिचं मुख्यालय पुण्यात आहे. म्हणजे खमरियाचा कारभार आता पुण्याहून चालतो, त्या पुण्यातून जिथे खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे.

मराठी माणसाचा या गावाशी संबंध मात्र कारखान्यांच्या कितीतरी आधीचा. १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर घेतलं ते नागपूरकर भोसल्यांकडून. पुढे १८६१ ते १९५६ जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती, आणि १९५६ मध्ये राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा मध्य प्रदेशाचं उच्च न्यायालय जबलपूरला आलं. कारकून, मास्तर, वकील, कारखान्यातले मशिनिस्ट अशी मराठी घरं इथे रुजली. त्यांतल्या काही घरांत दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला पाटावर आजही एक जुनी रायफल येते. तिला हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल लागतं, आणि प्रेमानं तेलही लागतं. त्या तेलाकडे परत यायचंच आहे.

ही रायफल बहुधा बर्मिंगहॅमच्या बीएसएची असते, नाहीतर चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोची. शिकारीच्या काळात मंडला-बालाघाटच्या जंगलात जाणाऱ्यांकडे मोठ्या बंदुकांबरोबर ही धाकटी असायचीच. तितर-लाव्यांसाठी, नेमाच्या सरावासाठी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार संपवली. ऐंशीच्या दशकात सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक मागवणं बंद झालं, आणि आपसूक सुटे भागही. शस्त्र कायद्याच्या २०१९ मधल्या दुरुस्तीनं एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येऊ लागली. तेव्हा अनेक घरांत कुठलं ठेवायचं आणि कुठलं सोडायचं यावर चर्चा झडल्या. पॉइंट टू-टू पुष्कळदा टिकली, कारण तिचा धक्का बसत नाही आणि आजोबांची आठवण म्हणून ती शोभते. आठवण म्हणून ठेवलेल्या वस्तूची झीज कुणी मोजत नाही, हा त्यातला तोटा.

थंडीत नेमकं काय होतं हे कळायला काडतुसाच्या बुडाशी जावं लागतं. मोठ्या रायफलीच्या काडतुसाला बुडाच्या मध्यभागी वेगळी टोपी बसवलेली असते. पिन तिच्यावर बरोबर मधोमध आदळते. पॉइंट टू-टूला अशी टोपी नाही. पितळी नळकांड्याचं बूड बाहेरच्या बाजूला दुमडून एक पोकळ काठ केलेला असतो आणि ठिणगीचा मसाला त्या काठाच्या आत पसरलेला असतो. कारखान्यात ओल्या मसाल्याची इवलीशी गोळी नळकांड्यात टाकतात आणि गरगर फिरवून तो मसाला काठात शिरवतात. फ्लोबेर या फ्रेंच कारागिरानं १८४५ च्या सुमारास ही कल्पना वापरात आणली, अमेरिकेत स्मिथ अँड वेसननं १८५७ मध्ये पॉइंट टू-टू शॉर्ट काढलं आणि आज सगळीकडे चालतं ते 'लाँग रायफल' काडतूस १८८७ चं आहे. इतकी वर्षं झाली तरी मूळ युक्ती बदललेली नाही, कारण ती स्वस्त आहे.

स्वस्ताईची किंमत इथे मोजावी लागते. काठाची जाडी जेमतेम एक मिलिमीटर. पिननं हा काठ चेंबरच्या तोंडाच्या कडेवर चेपायचा, म्हणजे आतला मसाला दोन धातूंमध्ये चिरडला जाऊन पेटतो. पिन हातोडी आणि चेंबरची कड ऐरण. हातोडी मऊ पडली, ऐरणीला खड्डा पडला किंवा काडतूस ऐरणीला टेकलंच नाही, या तिन्हींत फुसका बार. त्यातून मसाला काठाच्या एखाद्या भागात पोचलाच नसेल तर रायफलीचा काहीच दोष नसताना चौथा.

आता तेल. भारतात बंदुकीला काय काय घालतात याची यादी केली तर स्वयंपाकघराचं सामान वाटेल. शिवणयंत्राचं तेल त्यातल्या त्यात बरं. पण मोहरीचं तेल, अळशीचं तेल आणि मराठी घरात हमखास सापडणारं खोबरेल, हेही बोल्टात जातं. खोबरेल साधारण चोवीस अंशांना घट्ट होतं. जबलपुरात नोव्हेंबरपासून बाटली उन्हात ठेवल्याशिवाय ते डोक्याला लावता येत नाही. मग सात अंशांना बोल्टाच्या आत, पिनच्या बारीक वाटेत ते काय करत असेल? पिनला एरवी मोकळ्या नळीतून सुटायचं असतं, आता तिला मेणातून वाट काढावी लागते. ती पोचते, पण जोर वाटेतच खर्च झालेला असतो. अकरा वाजता रायफल का वाजते याचं उत्तरही यातच आहे. उन्हात ठेवलेलं लोखंड चोवीस अंशांच्या पुढे जातं आणि खोबरेल पुन्हा पातळ होतं.

अळशीची गोष्ट वेगळी आणि जास्त वाईट. लाकडी दस्त्याला अळशीचं तेल चोळणं ही लष्करातली जुनी, उत्तम पद्धत. ते तेल हवेतला ऑक्सिजन शोषून सुकतं आणि लाकडावर कातडी धरतं, म्हणूनच तर ते लावतात. पण तेच तेल चुकून बोल्टात गेलं की तिथेही कातडी धरतं. ती पिवळट, चिवट असते, साध्या फडक्यानं निघत नाही, उन्हानं वितळत नाही. मोहरीचं तेलही वर्षानुवर्षांत चिकट होऊन बसतं. उन्हाळ्यात अशा रायफलीची पिन कशीबशी निसटते. थंडीत चिकटा आणखी ताठरतो आणि दर तिसरा-चौथा बार फुसका जातो. 'मी दर दसऱ्याला तेल घालतो हो' असं मालक सांगतो तेव्हा त्यात आजाराचं कारणही सांगून झालेलं असतं.

दुसरा घटक निवडणुकांचा. हे वाचून हसू येईल, पण मध्य प्रदेशाच्या परवानाधारकाला येणार नाही. विधानसभेची आचारसंहिता लागली की जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानं परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायची असतात. बँकांचे रखवालदार, स्पर्धेत उतरणारे नेमबाज अशांना सहसा सूट मिळते, बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं. मध्य प्रदेशात या निवडणुका नोव्हेंबरात येतात. २०२३ ची घ्या : ९ ऑक्टोबरला घोषणा, १७ नोव्हेंबरला मतदान, ३ डिसेंबरला मोजणी. शहराच्या उत्तरेकडच्या गोहलपूरच्या दाट वस्तीत, दमोह नाका-अधारतालच्या बाजूला, ज्याच्याकडे परवाना आहे तो ऑक्टोबरात रायफल घेऊन ठाण्यात जातो आणि डिसेंबरात परत आणतो. जमा करण्याआधी सुज्ञ माणूस काय करतो? गंज धरू नये म्हणून रायफल तेला-ग्रीसनं माखतो. नळीत ग्रीस, चेंबरात ग्रीस, बोल्टाच्या प्रत्येक फटीत ग्रीस. दोन महिन्यांनी ती घरी येते तेव्हा कडाक्याची थंडी पडायला लागलेली असते. वरवर पुसून माणूस रेंजवर जातो. आणि 'टक्'.

गंजापासून जपण्यासाठी ग्रीस लावणं चूक नाही. लष्करही साठवणीच्या हत्यारांना खनिज जेली लावत आलं आहे. चूक होते ती ग्रीस उतरवायचं विसरण्यात. साठवणीचं तेल आणि चालवायचं तेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पॉइंट टू-टूच्या बोल्टाला चालवताना जवळजवळ काहीच तेल लागत नाही. बायथलॉनवाल्यांची अर्धी किमया इथेच आहे. ते बोल्ट धुऊन कोरडा करतात. लावलंच तर थंडीत न गोठणाऱ्या तेलाचा पुसट हात.

तरीही फडकं हातात घेण्याआधी न वाजलेलं काडतूस हातात घेतलेलं बरं. सगळी हकिगत त्याच्या काठावर लिहिलेली असते. आधी मात्र थांबायचं : खटका ओढून बार झाला नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद मोजायची. मसाला कधीकधी उशिरा पेटतो, आणि अर्धवट उघडलेल्या बोल्टात पेटलेलं काडतूस डोळ्यावर येतं. एनसीसीतले उस्ताद याबाबत इतके कडक असतात ते उगाच नाही.

मग भिंग घ्यावं. उन्हाळ्यात वाजलेलं एक रिकामं नळकांडं शेजारी ठेवावं. त्याच्या काठावरचा ठसा स्वच्छ, खोल, कडा ठळक असलेला दिसतो; पितळ आत दबून चकाकत असतं. न वाजलेल्या काडतुसावरचा ठसा तितकाच खोल असेल तर रायफलीनं आपलं काम केलेलं आहे, दोष मसाल्याचा. तेच काडतूस अर्धा फेरा फिरवून पुन्हा लावलं आणि वाजलं, तर खात्रीच. पहिल्या जागी काठ रिकामा होता. ठसा उथळ असेल, नख फिरवलं तरी जाणवत नसेल, तर मार कमी पडतोय : तेल किंवा स्प्रिंग. आणि सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे ठसा उथळ, पण काडतूस न फिरवता, त्याच जागी दुसरा मार दिला की वाजतं. याचा अर्थ काडतूस पहिल्या वेळी चेंबरात पुरतं बसलंच नव्हतं. पिनचा पहिला तडाखा त्याला आत ढकलण्यात गेला, दुसऱ्यानं बार केला.

या शेवटच्या प्रकारात थंडीचा थोडा खरा हात असतो. पॉइंट टू-टूच्या शिशाच्या गोळीवर मेणाचा किंवा चरबीचा पातळ थर असतो. थंडीत तो कडक होतो. चेंबरात आधीच्या शेकडो बारांची काजळी, मेण आणि शिसं यांचा कंगोरा साचलेला असेल तर गोळी त्यावर अडते आणि काडतुसाचा काठ कडेपासून केसभर दूर राहतो. बोल्ट बंद करताना किंचित जोर लागतो, तो हाताला कळतो, पण बोटं गारठलेली असली की कळत नाही. यावर स्प्रिंग बदलून उपयोग शून्य. चेंबर साफ करायचं, खऱ्या अर्थानं. नुसता नळीतून बोळा ओढून नव्हे. चेंबरच्या तोंडाशी द्रावकात भिजवलेला पितळी तारांचा ब्रश काही फेरे फिरवावा लागतो.

दोष रायफलीचा की काडतुसांचा हे ठरवायला एक साधी उलटापालट पुरते. रायफल रात्रभर थंड खोलीत कुलपात ठेवायची आणि काडतुसं आतल्या खिशात उबदार. सकाळी रेंजवर फुसके बार गेले तर रायफल दोषी. दुसऱ्या वेळी रायफल उबदार ठेवायची, काडतुसं थंड. सगळी वाजली तर संशय उरत नाही. सात अंशांना मसाल्याची संवेदनशीलता इतकी घटत नाही की चांगल्या मारानं तो पेटू नये. घटते ती दारूच्या जळण्याची गती, आणि तीही एवढीच की गोळीचा वेग थोडा कमी पडून नेम किंचित खाली उतरावा.

बोल्ट खोलणं ब्रनोसारख्या रायफलीत अवघड नाही, मात्र स्प्रिंग ताणलेली असते आणि ती सुटली की कपाटाखाली जाते. बोल्टाचे भाग वेगळे झाले की पांढऱ्या फडक्यावर मांडावेत. पिन बाहेर काढून बोटांत धरली की चिकटा दिसतो : मधाच्या रंगाचा थर, पिनच्या कडांना काळसर. पूर्वी हे सगळं रॉकेलात बुडवायचे. आता रॉकेल मिळेनासं झालंय, पण रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन तेच काम करतं. पेट्रोल वापरणारेही आहेत आणि त्यांना अजून काही झालेलं नाही एवढंच म्हणता येतं. रात्रभर भिजवायचं, दाताच्या ब्रशनं घासायचं, पिनची वाट कापसाचा बोळा पांढरा निघेपर्यंत पुसायची, आणि कोरडं करायचं. मग पिन स्प्रिंगशिवाय वाटेत टाकून बोल्ट तिरपा करून पाहायचा. पिन आपल्या वजनानं सरकन् खाली आली पाहिजे. अडखळली तर अजून काम बाकी आहे.

अनेकदा दुखणं इथेच संपतं. घरच्या मालकानं रायफल घेऊन कारागिराकडे धावण्याआधी एवढं करावं. पुष्कळ जण उलट करतात. आधी जास्त ताणाची स्प्रिंग मिळवायच्या मागे लागतात. ती मिळाली की चिकट वाटेतूनही पिन जोरात जाते, रायफल वाजते, सगळे खूश. काही वर्षांत त्याच जोरानं चेंबरची कड चेपलेली असते. बिघाड दुरुस्त करण्याऐवजी त्याच्यावर मात करणं ही आपल्याकडची लाडकी पद्धत आहे, आणि बंदुकीत ती महागात पडते.

एनसीसीच्या कित्येक पिढ्या ज्या पॉइंट टू-टूवर शिकल्या, तिची कथा थोडी निराळी. त्यातली जुनी 'नंबर टू मार्क फोर' ही मुळात थ्री-नॉट-थ्रीची ली-एनफील्ड. तिलाच पॉइंट टू-टूची नळी देऊन सरावाची रायफल बनवली. पण थ्री-नॉट-थ्रीची पिन मधोमध मारते आणि पॉइंट टू-टूला काठावर मार हवा. म्हणून बोल्टाच्या डोक्यात एक छोटी वेगळी पिन बसवली : मोठी पिन तिच्यावर आदळते, ती काडतुसाच्या काठावर. दोन पिना म्हणजे चिकटा साचायच्या दोन जागा. मोठी पिन साफ केली आणि बोल्टाचं डोकं तसंच राहिलं, तर फुसके बार चालूच. मॅगझिनची पेटी खाली लटकलेली दिसते, पण तिच्यात काडतुसं भरत नाहीत. एकेक काडतूस हातानं लावायचं आणि रिकामी नळकांडी त्या पेटीत पडतात. पंचवीस यार्डांवरून मारताना कॅडेटला हे सगळं माहीत असायची गरज नसते. त्याला फुलथ्रू म्हणजे नळीतून ओढायची दोरी, चिंदी आणि तेलाची बाटली एवढं पाठ असतं. चिंदी मात्र नळीतून जाते. बोल्टाच्या पोटात ती जात नाही.

साफसफाईनंतरही ठसा उथळच राहिला तर स्प्रिंग. पोलादाची स्प्रिंगही दशकानुदशकं दाबून ठेवली की बसते. रायफल कॉक करून कपाटात ठेवायची सवय असलेल्या घरांत ती लवकर बसते. नव्या स्प्रिंगच्या शेजारी ठेवली की उंचीतला फरक नुसत्या डोळ्यानं दिसतो. प्रश्न नवी आणायची कुठून हा. ज्या शहरात तोफेचा गाडा बनतो त्या शहरात ब्रनोची बोटभर स्प्रिंग दुकानात मिळत नाही. जुन्या मोडक्या रायफलीतून काढलेली, नाहीतर योग्य जाडीच्या पियानो वायरची गुंडाळून केलेली, असे दोनच मार्ग उरतात. वेटोळ्यांची संख्या आणि तारेची जाडी चुकली की वर सांगितलेला जास्त जोराचा घोटाळा होतो.

सगळ्यात अवघड दुखणं चेंबरच्या कडेचं. रिकाम्या रायफलीचा खटका 'टक् टक्' ओढायची सवय पोरांना असते, मोठ्यांनाही असते. मोठ्या बोअरच्या रायफलीत त्यानं फारसं बिघडत नाही. पॉइंट टू-टूत काडतूस नसलं की काही जुन्या रायफलींची पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळते. हजारदा आदळली की तिथे खळगा पडतो, नेमका त्याच जागी जिथे ऐरण हवी असते. काठ चेपायला मागे आधार उरत नाही, आणि खळग्यातलं वर आलेलं लोखंड काडतूस आत जाताना अडवतं ते वेगळंच. यासाठी कारागीर चेंबरात एक टणक, निमुळता दांडा घालून सरकलेलं लोखंड हलकेच जागेवर ढकलतो. कानस लावणारा कारागीर टाळावा. कानस घेतलेलं लोखंड परत येत नाही. बोल्टचं तोंड आणि चेंबरची कड यांतलं अंतर झिजेमुळे वाढलेलं असेल तर तेही याच वेळी मोजून घ्यायचं.

आणि हा कारागीर परवान्याचाच हवा. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ बनवण्या-विकण्याइतकंच दुरुस्तीलाही लागू आहे. उत्तम लेथ चालवणारा माणूस गल्लीत असेल, त्याचे हात कारखान्यात तयार झालेले असतील, तरी त्याच्याकडे रायफल टाकून येणं हा गुन्हा आहे, त्याचाही आणि मालकाचाही. परवानाधारक बंदूक-दुकानं कमी होत चाललीत, त्यांतले जुने हात आणखी कमी. म्हणून निदान स्वतः करायचं आणि दुरुस्ती नेमकी सांगायची यात शहाणपण आहे. 'थंडीत वाजत नाही, बघा जरा' म्हणून दिलेली रायफल बहुधा पॉलिश होऊन परत येते.

पॉइंट टू-टूकडे पोरखेळ म्हणून पाहणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की महाराष्ट्राला कुस्तीतल्या खाशाबा जाधवांनंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिलं ते याच काडतुसानं. १९५२ नंतर थेट २०२४. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्टला शातोरू इथल्या रेंजवर ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य घेऊन गेला. त्याच्या आधी कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं जगज्जेतेपद मिळवलं होतं. तिथेही काडतूस हेच. एवढंच काय, देशातल्या नेमबाजी संघटनेचे, १९५१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशनचे, पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. गुजरातेत स्थायिक झालेलं हे कोकणातलं मराठी घराणं. राष्ट्रीय स्पर्धेच्या उंबरठ्यावरची मावळंकर स्पर्धा त्यांच्याच नावानं भरते.

या पातळीवरचे नेमबाज काडतुसांचा मसाला नशिबावर सोडत नाहीत. पॉइंट टू-टूचं नळकांडं पुन्हा भरता येत नाही, त्यामुळे हवं ते मिश्रण घरी करायची सोय नाही. कारखान्यातून आलं ते आलं. म्हणून एकाच ब्रँडच्या वेगवेगळ्या उत्पादन-खेपा आपल्या नळीतून झाडून पाहतात आणि जी जुळेल ती खेप साठवून ठेवतात. फिनलंडची लापुआ कंपनी तर थंडीसाठी 'पोलार बायथलॉन' नावाचं वेगळं काडतूसच काढते. घरगुती रायफलीला इतका थाट नको. पण परवान्यावर वर्षाला मोजकीच काडतुसं मिळत असताना दहा वर्षांपूर्वीची डबी पावसाळ्यांतून तशीच ठेवून देणं आणि डिसेंबरात तिच्याकडून इमानाची अपेक्षा करणं, हेही काही खरं नाही. दमट हवेत गोळी आणि पितळ यांच्या सांध्यातून ओल आत शिरते. जुनी डबी सरावात संपवावी, नवी कोरड्या हवाबंद डब्यात ठेवावी.

थंड रायफल एकदम उबदार खोलीत आणली की तिच्यावर पाणी सुटतं, आतूनही. रेंजवरून परतल्यावर ती पिशवीतच तासभर राहू द्यावी, मग पुसावी. गोहलपूरच्या लहान घरात शेगडी आणि कपाट एकाच खोलीत असतात, तिथे हे जास्त लागू. पुसलेल्या बोल्टाला खनिज तेलाचा हात लावून ते तेल पुन्हा कोरड्या फडक्यानं पुसून काढावं. राहिलं तेवढंच पुरतं. दस्त्याला अळशी चोळताना बोल्ट काढून दुसऱ्या खोलीत ठेवावा. खंडेनवमीला कुंकू दस्त्याला लागलं तर देवीचं काही बिघडत नाही, बोल्टाच्या फटीत गेलेलं कुंकू मात्र तेलात मिसळून चांगलाच राप धरतं.

मध्य प्रदेशात पुढची विधानसभा निवडणूक २०२८ च्या अखेरीस येईल. त्याआधी नगरपालिका-पंचायतींच्या निवडणुका आहेत. रायफली पुन्हा माखल्या जातील, ठाण्यात जातील आणि काही हिवाळ्यातच परत येतील. तोवर ज्यांच्या घरी पॉइंट टू-टू आहे त्यांनी जमा करताना परवान्याच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवायला हरकत नाही : 'चेंबरात ग्रीस आहे, बोल्ट धुऊन कोरडा केल्याशिवाय बार करू नये.'